एकच संभाजी महाराज, पण नाटकं वेगवेगळी: नाटककार इतिहासातून शोकात्म नायक कसा घडवतो?

११ मार्च १६८९ या दिवशी औरंगजेबाच्या कैदेत छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. ही तारीख आणि हा शेवट कोणताही नाटककार बदलू शकत नाही. तरीही मराठी रंगभूमीवर आलेले संभाजी महाराज एकमेकांपेक्षा अगदी वेगळे आहेत. राम गणेश गडकऱ्यांच्या नाटकात ते मोहात अडकलेले राजे आहेत. विष्णु हरि औंधकरांच्या नाटकाच्या नावातच 'बेबंदशाही' आहे. वसंत कानेटकरांच्या एका नाटकात ते वडिलांच्या मायेला पारखे झालेले पुत्र आहेत, तर दुसऱ्या नाटकात मृत्यूला लाजवणारे वीर आहेत.

शेवट एकच असताना माणूस इतका बदलतो कसा? नाटककार इतिहासातलं नेमकं काय बदलतो आणि काय तसंच ठेवतो? मराठी नाटकांच्या आधारे हे समजून घेऊया. हीच पद्धत यवतमाळ जिल्ह्यात घडलेल्या, पण रंगभूमीवर फारशा न आलेल्या एका प्रसंगाला लावली तर काय दिसतं, तेही लेखाच्या शेवटी पाहू.

शोकात्म नायक म्हणजे कोण?

ज्याचा शेवट वाईट होतो असा प्रत्येक माणूस शोकात्म नायक नसतो. आजारपणाने, अपघाताने किंवा लढाईत कोणी गेलं तर दुःख होतं, पण तेवढ्याने शोकांतिका तयार होत नाही. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी या नायकाची ओळख सांगितली. तो मोठा माणूस असतो, पण निर्दोष नसतो. त्याच्या हातून एखादी चूक होते, किंवा त्याच्या स्वभावातच अशी काही गोष्ट असते जी त्याला विनाशाकडे नेते. प्रेक्षकाला त्याची कीव येते आणि 'हे आपल्याही बाबतीत होऊ शकतं' अशी भीतीही वाटते.

ॲरिस्टॉटलचा आणखी एक मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. इतिहासकार काय घडलं ते सांगतो आणि कवी काय घडू शकतं ते सांगतो, असा फरक त्याने केला. नाटककाराला नुसता घटनाक्रम पुरत नाही. 'हे झालं, मग ते झालं' याऐवजी 'हे झालं म्हणून ते झालं' असं त्याला दाखवावं लागतं.

आपल्याकडच्या संस्कृत नाट्यपरंपरेत नायकाच्या मृत्यूने नाटक संपवण्याची रीत नव्हती. एकोणिसाव्या शतकात शेक्सपिअर मराठीत आला आणि चित्र बदललं. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' (१८८३) लिहिलं, तर गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' (१८९०) रचलं. त्याआधीच १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिलं होतं. मराठीतल्या सुरुवातीच्या स्वतंत्र ऐतिहासिक शोकांत नाटकांत त्याचं नाव अग्रभागी घेतलं जातं.

पण त्यात एक अडचण होती. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले. आजारपणाचा मृत्यू करुण असतो, पण तो नायकाच्या स्वभावातून येत नाही. पुढच्या नाटककारांनी हीच अडचण सोडवली. मृत्यू कागदपत्रांतला ठेवायचा आणि त्याचं कारण माणसाच्या मनात शोधायचं, ही वाट त्यांनी धरली.

खाडिलकरांनी रिकाम्या जागेत काय भरलं?

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'सवाई माधवरावांचा मृत्यू' हे याचं स्पष्ट उदाहरण आहे.

इतिहासाला ठाऊक असलेली गोष्ट थोडक्यात अशी. सवाई माधवराव पेशवे २१ वर्षांचे होते. कारभाराची सूत्रं नाना फडणवीसांच्या हातात होती. ऑक्टोबर १७९५ मध्ये माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. तापाच्या भरात तोल गेला की त्यांनी स्वतःहून उडी घेतली, यावर मतभेद आहेत.

हा मतभेद नाटककाराच्या पथ्यावर पडतो. कागदपत्रं जिथे गप्प होतात तिथे त्याला बोलायला जागा मिळते. खाडिलकरांनी या जागेत शेक्सपिअरच्या दोन नाटकांचे धागे गुंफले. विचारात बुडालेला, निर्णय घेता न येणारा तरुण 'हॅम्लेट'मधून आला. पत्नीविषयीचा संशय 'ऑथेल्लो'मधून आला. हा संशय पेरण्यासाठी त्यांनी केशवशास्त्री हे काल्पनिक पात्र तयार केलं. त्याची जातकुळी इयागोची.

म्हणजे पडण्याची घटना खरी, तिची तारीख खरी, नानांचा धाक खरा. पण ज्या विषाने नायक आतून पोखरला गेला ते नाटककाराने बाहेरून आणलं. एका अनिश्चित मृत्यूला त्यामुळे निश्चित कारण मिळालं आणि नाटक उभं राहिलं.

शेक्सपिअरनेही हेच केलं होतं का?

हो. 'मॅकबेथ'साठी त्याने हॉलिनशेडचा इतिहासग्रंथ वापरला. इतिहासातला राजा डंकन १०४० मध्ये लढाईत मारला गेला. मॅकबेथने पुढे १७ वर्षं राज्य केलं. नाटकात मात्र डंकन हा वृद्ध, सज्जन पाहुणा आहे आणि त्याचा खून मॅकबेथच्याच घरात, झोपेत होतो. राज्यकारभाराची वर्षंही जणू नाहीशी होतात. गुन्हा आणि शिक्षा यांच्यात अंतरच उरत नाही.

आणखी एक बदल राजकीय होता. हॉलिनशेडच्या ग्रंथात बँको हा मॅकबेथचा साथीदार आहे. शेक्सपिअरने त्याला कटापासून दूर ठेवलं. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर असलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत होता. नाटक लिहिताना समोर कोण बसलंय याचाही असा परिणाम होतो.

बखर कोणी लिहिली, हे का महत्त्वाचं?

बँकोच्या उदाहरणात वंशजाची सोय पाहून नाटककाराने बदल केला. संभाजी महाराजांच्या बाबतीत वंशाचा प्रश्न त्याच्या एक पायरी आधी, म्हणजे साधनातच येतो.

दीर्घकाळ संभाजी महाराजांची लोकांना ठाऊक असलेली प्रतिमा मोठ्या प्रमाणात मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतून आली होती. ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर साधारण सव्वाशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली गेली. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीस यांच्या घराण्यातले. १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून संभाजी महाराजांनी ज्यांना देहदंड दिला त्यांत अण्णाजी दत्तो होते आणि हे बाळाजी आवजीही होते. बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी पुढे निष्ठेने स्वराज्याची सेवा केली, हाही इतिहास आहे. पण बखरीतल्या चित्रणावर घराण्याच्या जुन्या जखमेची सावली असू शकते, हे अभ्यासक लक्षात आणून देतात.

एक उदाहरण घेऊ. सोयराबाईंना संभाजी महाराजांनी गादीवर येताच भिंतीत चिणून मारलं, अशी कथा पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. प्रत्यक्षात शिवाजी महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० रोजी झालं आणि सोयराबाईंचा मृत्यू ऑक्टोबर १६८१ मधला आहे. मधे जवळपास दीड वर्ष गेलं होतं. 'येताच चिणून मारलं' ही कथा तारखांसमोर टिकत नाही.

१९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचा 'छत्रपती संभाजी महाराज' हा संशोधनग्रंथ आला. बखरींच्या पलीकडची मराठी, फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी साधनं तपासून त्यांनी चरित्र नव्याने मांडलं. पुढे कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' (१९७१) प्रसिद्ध झालं. दख्खनमध्ये उतरलेल्या औरंगजेबाशी अनेक वर्षं झुंजणारा, १६८३ मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध गोव्यात मोहीम काढणारा, संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा राजा वाचकांना दिसू लागला.

म्हणून कोणतंही संभाजी नाटक पाहताना त्याचं वर्ष आधी विचारायला हवं. १९६० च्या आधीचं आणि नंतरचं नाटक एकाच कपाटातली पुस्तकं वाचून लिहिलेलं नसतं.

संभाजी महाराजांवरची चार नाटकं, विनाशाची चार कारणं

गडकऱ्यांचं 'राजसंन्यास': गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी विदर्भात, नागपूरजवळच्या सावनेरला गेले, तेव्हा हे नाटक अपुरं होतं. ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालं. यात महाराजांच्या आयुष्यात तुळशी ही स्त्री येते. विश्वसनीय समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही. गडकऱ्यांना हवा होता तो मोह आणि कर्तव्य यांच्यातला झगडा. राजाला राजेपणाचा अर्थ कळतो, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. कळणं आणि उशीर होणं एकाच क्षणी घडतं आणि शोकांतिकेचा गाभा तयार होतो. त्यासाठी दोष ठळक करावा लागला आणि तो दोष बखरीने आयता दिला होता.

औंधकरांचं 'बेबंदशाही' (१९२४): नावातच निदान आहे. इथे एका माणसाच्या मोहापेक्षा राज्याची विस्कटलेली घडी केंद्रस्थानी येते. शिवाजी महाराजांनंतर काय बिघडलं, हा प्रश्न त्या काळातल्या पारतंत्र्यात जगणाऱ्या प्रेक्षकाला जवळचा होता.

कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२): बेंद्रे यांचा ग्रंथ येऊन दोन वर्षं झाली होती. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परत आले, हा इतिहास आहे. ते का गेले? नाटक याचं उत्तर घरातल्या ताणात शोधतं. गादी कोणाची, राजाराम की संभाजी, हा वाद, सोयराबाई, अष्टप्रधानांतले मतभेद, आणि या सगळ्यात एकमेकांवर जीव असूनही एकमेकांपर्यंत पोहोचू न शकणारे वडील आणि मुलगा. औरंगजेब दूर राहतो, भांडण रायगडाच्या आत घडतं. धी गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलेल्या या नाटकातल्या संभाजीच्या भूमिकेने डॉ. काशिनाथ घाणेकरांना अफाट लोकप्रियता मिळवून दिली. प्रेक्षकांच्या घरातही न बोलणारे वडील होतेच. त्यांना हा राजपुत्र ओळखीचा वाटला, यात नवल नाही.

इथे आणखी एक गोष्ट घडते. दोष एका माणसाकडून काढून नात्यात ठेवला की खलनायक उरत नाही. शिवाजी महाराजही शोकात्म होतात: स्वराज्य उभारलं, पण घर सांधता आलं नाही.

कानेटकरांचं 'इथे ओशाळला मृत्यू' (१९६८): याच नाटककाराने सहा वर्षांनी महाराजांचा शेवट घेतला. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी मुकर्रबखानाने त्यांना पकडलं. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांची कैद आणि मृत्यू. महाराज आणि औरंगजेब यांच्यात नेमके काय शब्द बोलले गेले, याचं शब्दशः टिपण नाही. फारसी आणि मराठी साधनं वेगवेगळं सांगतात. नाटककाराने ही जागा संवादांनी भरली आणि औरंगजेबालाही नुसता क्रूर बादशहा न ठेवता तोलामोलाचा प्रतिस्पर्धी केलं. प्रभाकर पणशीकरांची औरंगजेबाची भूमिका त्यामुळेच लक्षात राहिली. या नाटकात नायक मोडत नाही, त्याला मारणारा आतून हरतो. नावाचा अर्थही तोच.

चार नाटकांत मिळून कारण असं सरकत गेलं: देहाचा मोह, राज्याची अंदाधुंदी, घरातला दुरावा, आणि शेवटी न वाकणारा स्वाभिमान. तारीख जागची हलली नाही.

नाटककार नेमकं काय काय बदलतो?

या उदाहरणांवरून पाच बदल ठळकपणे दिसतात.

१. साधनांची निवड. दोन कागद वेगळं सांगत असतील तर नायकाच्या स्वभावाशी जुळणारा कागद नाटककार उचलतो. इतिहासकाराला दोन्ही मांडावे लागतात.

२. काळाची आवळणी. वर्षांचं अंतर तासांत येतं. चूक आणि तिचं फळ जवळ आल्याशिवाय प्रेक्षकाला त्यांचा संबंध दिसत नाही.

३. काल्पनिक माणूस. केशवशास्त्री किंवा तुळशी यांच्यासारखं पात्र नायकाच्या मनातली गोष्ट बाहेर काढतं. राजा दरबारात जे बोलणार नाही ते अशा पात्रापाशी बोलतो.

४. न झालेल्या किंवा न नोंदलेल्या भेटी. दोन विरोधी माणसं समोरासमोर आल्याशिवाय नाटक रंगत नाही. इतिहासात ती कदाचित पत्रांतूनच भांडली असतील.

५. कारणाची जागा. बाकीचे चारही बदल याच्यासाठी असतात. इतिहासात पराभवाला पैसा, सैन्य, हवामान, फितुरी, नशीब अशी दहा कारणं असतात. नाटककार त्यांतली नऊ मागे सारतो आणि दहावं नायकाच्या आत नेऊन ठेवतो.

बदलाची किंमत कोण मोजतं?

रंगमंचावरचा बदल नाट्यगृहात थांबत नाही. प्रेक्षक कागदपत्रं वाचत नाहीत. ते नाटक पाहतात आणि तोच इतिहास म्हणून घरी नेतात.

जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरी यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. संभाजी ब्रिगेडने या कृतीची जबाबदारी घेतली आणि 'राजसंन्यास'मधल्या चित्रणाचं कारण दिलं. लेखकाच्या मृत्यूला तेव्हा ९८ वर्षं होत होती. या कृतीचा साहित्य-नाट्य क्षेत्रातून निषेधही झाला. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आल्यावर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणाला शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली.

दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एखाद्याला शोकात्म नायक करायचं तर दोष कुठेतरी ठेवावा लागतो. तो नायकात ठेवला तर नायकाला मानणारे दुखावतात. तो फितुराच्या माथी मारला तर त्याचे वंशज दुखावतात. कानेटकरांनी १९६२ मध्ये तो नात्यात ठेवला. तिसरी वाट असू शकते, हे त्यातून दिसलं.

विजय तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल' (१९७२) लिहिताना हे ऐतिहासिक नाटक नाही, असं सांगितलं होतं. घाशीराम ही १७९१ मध्ये पुण्यात जमावाच्या हातून मारली गेलेली खरी व्यक्ती, तर त्याची मुलगी ललितागौरी नाटकासाठी आलेली. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वाद तरीही झालाच. खुलासा केल्याने नाटककाराची भूमिका स्पष्ट होते, पण खरी नावं वापरण्याची जोखीम संपत नाही.

सिवनीचे बाजीराव शोकात्म नायक होऊ शकतात का?

आता यवतमाळकडे येऊ. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळच्या सिवनी इथे कर्नल ॲडम्सच्या इंग्रज फौजेने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना गाठलं. पेशव्यांचं सैन्य विखुरलं आणि बाजीराव निसटले. सवाई माधवरावांच्या मृत्यूमुळे ज्यांच्यासाठी गादीची वाट मोकळी झाली ते हेच बाजीराव. खाडिलकरांच्या नाटकाचा इतिहास जिथे संपतो, त्याचा पुढचा टोकाचा बिंदू यवतमाळ जिल्ह्यात आहे.

नाटककाराच्या नजरेने पाहिलं तर इथे सामग्री भरपूर आहे. बालपणापासूनची नजरकैद. डिसेंबर १८०२ मध्ये इंग्रजांशी केलेला वसईचा तह, म्हणजे स्वतःच्या हाताने केलेली चूक. नोव्हेंबर १८१७ मधली खडकीची लढाई. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले धारातीर्थी पडले. त्यानंतर पेशवे चांद्याच्या दिशेने आले ते नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी होईल या आशेने. पण अप्पासाहेब मार्चमध्येच इंग्रजांच्या कैदेत गेले होते. जो येऊच शकत नाही त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला पेशवा, एवढ्यावर एक अंक उभा राहू शकतो.

मग बाजीराव लोकांच्या तोंडी 'पळपुटा' म्हणूनच का राहिले? एक कारण इतिहासातच आहे. ते वाचले. ३ जून १८१८ ला ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ बिठूरला राहिले. २८ जानेवारी १८५१ ला त्यांचं निधन झालं. बापू गोखल्यांना रणांगणावरचा मृत्यू मिळाला, बाजीरावांना ३२ वर्षांचं निवृत्त आयुष्य. शोकांतिकेला हवा असलेला शेवट इतिहासाने त्यांना दिलाच नाही. ना. सं. इनामदारांनी 'मंत्रावेगळा' या कादंबरीत बाजीरावांकडे सहानुभूतीने पाहिलं. कादंबरीला लांबलेलं आयुष्य झेपतं, दोन-तीन तासांच्या नाटकाला ते जड जातं.

पण ही अडचण सुटणारी नाही असं नाही. पडदा सिवनीलाच पाडता येईल. किंवा उलट, जिवंत राहणं हीच शिक्षा, असंही दाखवता येईल. यवतमाळ जिल्ह्यातल्याच पारवा इथे जन्मलेल्या महेश एलकुंचवारांनी 'वाडा चिरेबंदी'मध्ये कोणताही राजा किंवा बखर न घेता हेच साधलं आहे. तिथे विदर्भातलं एक घराणं हळूहळू ढासळतं, आणि माणसं त्या ढासळत्या वाड्यात जगत राहतात.

नाटक पाहताना काय विचारायचं?

ऐतिहासिक नाटक किंवा चित्रपट पाहिल्यावर तीन प्रश्न उपयोगी पडतात. हे कधी लिहिलं गेलं आणि तोवर कोणती साधनं उपलब्ध होती? यातली कोणती पात्रं आणि कोणत्या भेटी कागदपत्रांत सापडतात? आणि विनाशाचं कारण कुठे ठेवलं आहे: माणसात, घरात, फितुरात की परिस्थितीत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इतिहासापेक्षा नाटककाराच्या काळाबद्दल जास्त सांगतं. पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला राज्य का गेलं हे जाणून घ्यायचं होतं. १९६२ च्या प्रेक्षकाला वडील-मुलाचं नातं समजून घ्यायचं होतं. ११ मार्च १६८९ ही तारीख दोघांसाठी सारखीच होती.